बेचाळीस किलोमीटर आणि एक पिशवी रक्त

"बेचाळीस किलोमीटर धावतोय" म्हटलं की मावशी कौतुकाने "जपून रे बाबा" म्हणते. त्याच दमात "थॅलेसेमियाच्या मुलांसाठी पैसे जमवतोय, तुझे किती लिहू?" असं विचारलं की तिचा सूर बदलतो. "धावणार तू आणि पैसे मी द्यायचे? हा कुठला न्याय?"

प्रश्न रास्त आहे. पैसेच द्यायचे तर ते सरळ संस्थेच्या खात्यात भरता येतात, त्यासाठी कुणी घाम गाळायची गरज नाही. क्रिस्टोफर ऑलिव्होला आणि एल्दार शाफिर या अभ्यासकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याच कोड्याला हात घातला. मदतनिधीसाठी सहलीला या, खा-प्या आणि देणगी द्या, असं म्हटलं तर लोक एक रक्कम सांगतात. त्याच निधीसाठी काही मैल धावायचं आहे म्हटलं तर जास्त रक्कम सांगतात. सोसण्याने देण्याला वजन येतं. शिवाय कारण माणसाच्या दुःखाशी जोडलेलं असेल तर हा परिणाम आणखी ठळक होतो, बागबगीच्यासाठी तेवढा होत नाही. मावशीला हे संशोधन वाचायची गरज नाही. नातवाचा ताप उतरावा म्हणून अनवाणी डोंगर चढून देवाला जाणारी माणसं तिने घरातच पाहिलेली असतात. धावणं हा नवसाचाच प्रकार आहे असं तिच्या मनाने घेतलं की ती पाचशे रुपये देते. कधी हजारही देते.

खरं तर मॅरेथॉनचं आजचं अंतर आणि वर्गणी यांची गाठ पहिल्याच दिवशी पडली. ४२.१९५ किलोमीटर हे विचित्र अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधलं आहे. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू होऊन स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जासमोर संपायची होती, म्हणून ते तेवढं भरलं. पुढे १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. त्या दिवशी स्टेडियममध्ये सर्वांत आधी शिरला तो इटलीचा डोरांडो पिएत्री. त्याचं भान सुटलं होतं. तो उलट्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा पडला. अधिकाऱ्यांनी हात धरून त्याला रेषेपार नेला आणि त्या मदतीमुळेच तो बाद झाला. प्रेक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल होते. त्यांच्या पुढाकाराने 'डेली मेल'ने वर्गणी काढली आणि पिएत्रीला गावी बेकरी टाकता यावी म्हणून सुमारे ३०० पौंड जमले. फरक एवढाच की तेव्हा पैसे धावणाऱ्यासाठी जमले होते.

आपल्याकडची गोष्टही अशीच लोकाश्रयाची आहे. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी शेतकरी मुलं पाहिली. ही मुलं जगाच्या स्पर्धेत धावू शकतील असं त्यांना वाटलं, आणि पुढच्या वर्षी अँटवर्पला जाणाऱ्या भारतीय चमूचा बराचसा खर्च त्यांनी उचलला. त्या चमूतले बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये १९वे आले. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, म्हणजे नेहमीपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. मराठी मुलुखातल्या मॅरेथॉनचा इतिहास सांगताना हे नाव आधी घ्यायला हवं. आपण मात्र ते शाळेच्या पुस्तकातसुद्धा शोधत नाही.

धावणाऱ्यांनी दुसऱ्यांसाठी पैसे जमवायची शिस्तशीर पद्धत लंडनने रुजवली. तिथली मॅरेथॉन २९ मार्च १९८१ रोजी सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ६,२५५ जणांनी ती पुरी केली. १९९३ पासून तिथे सेवाभावी संस्थांना ठरावीक जागा आगाऊ विकत मिळू लागल्या. संस्था ती जागा धावणाऱ्याला देते आणि धावणारा त्या बदल्यात ठरलेली रक्कम उभी करायचं कबूल करतो. आजवर या एका शर्यतीतून १०० कोटी पौंडांहून जास्त निधी उभा राहिला आहे. मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली तेव्हापासूनच तिच्याशी निधिसंकलन जोडलेलं आहे. 'युनायटेड वे मुंबई' ही संस्था २००९ पासून त्याचं काम पाहते, आणि शेकडो छोट्या-मोठ्या संस्थांना दर जानेवारीत तिच्यामार्फत कोट्यवधी रुपये मिळतात. काहींच्या वर्षभराच्या खर्चाचा मोठा भाग या एका रविवारावर उभा असतो.

आता कारण कोणतं निवडायचं? या प्रकरणापुरतं मी थॅलेसेमिया घेतो. धावणारा ज्या एका रेणूच्या जोरावर बेचाळीस किलोमीटर कापतो, नेमका तोच रेणू या आजारात नीट तयार होत नाही.

तो रेणू म्हणजे हिमोग्लोबिन. चार साखळ्यांचं हे प्रथिन, दोन अल्फा आणि दोन बीटा, लाल पेशीत खच्चून भरलेलं असतं. एका पेशीत साधारण २७ कोटी रेणू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. तुमच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन १५ असेल, तर तुमचं एक लिटर रक्त साधारण २०० मिलिलिटर ऑक्सिजन उचलतं. खुर्चीत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवतं, जोरात धावणाऱ्याचं वीस लिटर किंवा त्याहून जास्त. सगळा खेळ या दोन आकड्यांच्या गुणाकाराचा. हिमोग्लोबिन ९ असेल तर तेच लिटर १२० मिलिलिटरवर अडतं. हृदय कितीही धडधडलं तरी तूट भरून निघत नाही.

बीटा थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मलेल्या बाळात बीटा साखळी बनवणारी जनुकाची दोन्ही पानं खराब असतात, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. जन्मताना बाळ चांगलं गुटगुटीत असतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळ्या साखळीचं असतं. पहिल्या काही महिन्यांत ते कमी होत जातं आणि बीटाची पाळी येते तेव्हा घोटाळा उघडा पडतो. सहा महिने ते दोन वर्षं या वयात बाळ फिकं पडतं, दूध सोडतं, त्याचं पोट फुगल्यासारखं दिसतं. ती सुजलेली प्लीहा असते. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या अस्थिमज्जेतच साचतात आणि लाल पेशी तयार होण्याआधीच मरतात. मज्जा आणखी जोर लावते, हाडं आतून रुंदावतात, उपचार नसेल तर चेहऱ्याची ठेवण बदलते. डेट्रॉइटचे डॉक्टर थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं, तेव्हा अशा मुलांना फार दिवस मिळत नसत.

आज मिळतात, कारण दुसऱ्यांचं रक्त मिळतं. दर दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर.

थॅलेसेमियाच्या डे-केअरमध्ये एकदा सकाळी जाऊन बसावं. रुग्णालय म्हटल्यावर जी हाय खायला होते ती तिथे होत नाही. मुलं शाळेच्या दप्तरासकट आलेली असतात. सिस्टर शीर शोधते, मूल दुसरीकडे बघतं. सुई लागली की मोबाइल किंवा गृहपाठ सुरू. पिशवीतून थेंब थेंब पडत तीन-चार तास जातात. आया एकमेकींना 'तुमचं फेरिटिन किती आलं?' असं विचारतात, जशा इतर आया परीक्षेचे मार्क विचारतात. फेरिटिन म्हणजे साठलेल्या लोहाचा मापदंड, आणि या आजाराचा दुसरा अर्धा भाग तिथेच आहे. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. शरीराला दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकता येतं, जास्तीचं काढायची सोयच निसर्गाने ठेवलेली नाही. एका पिशवीचं लोह संपायला शंभरहून जास्त दिवस लागतील आणि पुढची पिशवी तर एकविसाव्या दिवशी लागते. ते लोह यकृतात, ग्रंथींमध्ये, शेवटी हृदयात साचतं. ते काढायला पूर्वी एकच उपाय होता. पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून छोट्या पंपाने आठ-बारा तास औषध सोडायचं, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. कंटाळून मुलं पंप बंद करून झोपत. तोंडाने घ्यायचं पहिलं औषध, डेफेरिप्रोन, १९९० च्या दशकात बाजारात आलं ते जगात सर्वांत आधी भारतात. याचा अभिमान आपण फारसा मिरवत नाही. पुढे डेफेरासिरॉक्स आलं, आणि बऱ्याच घरांतली पंपाची रात्र संपली.

वर्गणीदाराला हे एवढं सगळं सांगायचं नसतं. पण तुम्हाला माहीत हवं, कारण तो "माझ्या हजार रुपयांचं काय होणार?" असं विचारतो आणि विचारलंच पाहिजे. सरकारी रक्तपेढीतून थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त मोफत मिळतं, म्हणून "रक्तासाठी पैसे" असं मोघम सांगू नका. पैसे लागतात ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी अडवणाऱ्या फिल्टरसाठी, जंतुसंसर्ग लवकर पकडणाऱ्या तपासण्यांसाठी, लोह उतरवणाऱ्या गोळ्यांसाठी, हृदयातलं लोह मोजणाऱ्या एमआरआयसाठी. मोठी रक्कम लागते ती अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी. थॅलेसेमियात ते पहिल्यांदा यशस्वी झालं १९८१ मध्ये अमेरिकेत सिअॅटल इथे. खासगी रुग्णालयात आपल्याकडे त्याला दहा लाखांपासून पुढे कितीही लागतात. दाता म्हणून सख्खं भावंड जुळलं तर उत्तम, आणि जुळण्याची शक्यता दर भावंडामागे चारात एक. २०१७ पासून कोल इंडियाची योजना निवडक रुग्णालयांत प्रत्यारोपणासाठी १० लाखांपर्यंत मदत देते. मुंबई महापालिकेचं थॅलेसेमिया आणि प्रत्यारोपण केंद्र बोरिवली पूर्वेला आहे. २०२३ मध्ये जनुकात फेरफार करणाऱ्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटनने जगात पहिली मान्यता दिली. अमेरिकेतली त्याची किंमत २२ लाख डॉलर. मावशीच्या पाचशे रुपयांतून तो व्हायचा नाही. मात्र शंभर मावश्यांच्या पैशांतून बऱ्याच मुलांच्या गोळ्या होतात.

एक गोष्ट मला खटकते, ती इथेच सांगतो. निधीच्या आवाहनात फिकट चेहऱ्याच्या, हाताला सुई लावलेल्या मुलाचा फोटो टाकायची पद्धत आहे. नीट उपचार मिळालेली थॅलेसेमियाची मुलं आज इंजिनिअर होतात, वकील होतात, लग्न करतात, त्यांना मुलं होतात. त्यांतलंच कुणीतरी तुमचं आवाहन वाचणार आहे. शिवाय हा आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, म्हणजे ही माणसं हक्कदार आहेत. त्यांना बिचारं ठरवून मिळवलेले दोन हजार मला महाग वाटतात.

आता पायांकडे वळू. पहिल्या मॅरेथॉनला सोळा ते वीस आठवड्यांची तयारी लागते, तीसुद्धा आधी दहा किलोमीटर न थांबता धावता येत असेल तर. जानेवारीच्या शर्यतीसाठी म्हणजे गणपतीच्या आसपास सुरुवात. आठवड्यात तीन-चार धावा, त्यांतली रविवारची लांब. ती हळूहळू वाढवत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यायची आणि शेवटचे दोन-तीन आठवडे पुन्हा कमी करायची. अंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा नियम सगळे सांगतात. त्यामागे भक्कम पुरावा नाही, पण नवख्याच्या उत्साहाला वेसण म्हणून तो चांगला आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात पहाटे पाचला निघालात तरी दोन तासांत सूर्य डोक्यावर येतो. नवखे लोक याच महिन्यात सोडून देतात. वर्गणीची यादी तोवर चाळिसावर पोचलेली असेल तर सोडायची लाज वाटते. निधी जमवायचा हा एक आडवाटेचा फायदा.

बत्तीस किलोमीटरच्या सरावानंतर उरलेल्या दहाचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्याचं उत्तर इंधनाच्या हिशोबात आहे. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे अंदाजे एक कॅलरी जाते. ६५ किलोच्या माणसाला बेचाळीस किलोमीटरला २,७०० च्या आसपास लागतात. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन, तो साधारण २,००० चा. चरबी भरपूर असते, पण ती जाळायला तितक्याच शक्तीसाठी जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून वेग उतरवावा लागतो. साखर संपली की तिसाव्या ते पस्तिसाव्या किलोमीटरच्या दरम्यान धावणाऱ्यांच्या भाषेत 'वॉल' येते. पाय शिसाचे होतात, साधी बेरीज सुचत नाही, कुणी आपुलकीने विचारपूस केली तर राग येतो. इलाज दोन. सुरुवातीला हात आखडून धावा आणि पहिल्या तासापासूनच थोडी थोडी साखर पोटात जाऊ द्या, जेल असो, खजूर असो की लिमलेटची गोळी. सरावात जे खाल्लं नाही ते शर्यतीत खाऊ नका.

आणि पाणी. आपल्याकडे "भरपूर पाणी पी" हा प्रेमाचा सल्ला आहे, पण मॅरेथॉनमध्ये तो जिवावर बेतू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं आढळलं. धावताना वजन वाढलेल्यांना धोका जास्त होता, म्हणजे घाम गेला त्याहून जास्त पाणी प्यायलेल्यांना. चार-पाच तास रेंगाळत धावणारे आणि दर स्टॉलवर थांबून ग्लास रिकामा करणारे नवखेच यात सापडतात. तहान लागली की प्या, मीठ विसरू नका.

तयारीत पहिल्या महिन्यात एक रक्ततपासणी सगळे करतात, आणि या प्रकरणाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग त्या कागदावर असतो. सीबीसीच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन ११.५ दिसतं. घरचे म्हणतात, पालक खा, बीट खा. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात. तीन महिन्यांनी आकडा जागच्या जागी. अशा वेळी त्याच कागदावरच्या दुसऱ्या दोन ओळी बघाव्यात. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, आणि आरबीसी, म्हणजे त्यांची संख्या. लोह कमी असेल तर पेशी लहानही होतात आणि कमीही. थॅलेसेमिया मायनर असेल, म्हणजे माणूस आजाराचा नुसता वाहक असेल, तर पेशी लहान असतात पण संख्येने चांगल्या, कधी जास्तच. विल्यम मेंट्झर यांनी १९७३ मध्ये सुचवलेला सोपा भागाकार असा: एमसीव्हीला आरबीसीने भागा. ६५ भागिले ५.८ म्हणजे ११ च्या वर थोडं. उत्तर १३ च्या खाली आलं तर मायनरचा संशय घ्यावा. हा फक्त इशारा झाला, निदान नव्हे. निदान एचबीए-टू या तपासणीने होतं, आणि तो आकडा साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की माणूस वाहक. ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते आणि तिचा खर्च चांगल्या बुटांच्या एका जोडापेक्षा पुष्कळ कमी असतो.

वाहक असणं हा आजार नाही. जनुकाचं एक पान खराब, दुसरं ठीक, काम चालतं. टेनिसपटू पीट सँप्रास थॅलेसेमिया मायनर आहे आणि त्याने १४ ग्रँड स्लॅम जिंकली. वाहक मॅरेथॉनही धावतात. फक्त, लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय त्यांनी लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊ नयेत. प्रश्न येतो तो दोन वाहकांनी लग्न केल्यावर. प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता मेजरची, दोन वाहक मुलाच्या, एक पूर्ण निरोगी मुलाच्या. पहिलं मूल मेजर झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही. दर वेळी फासा नव्याने पडतो. भारतात वाहक ३ ते ४ टक्के आहेत, म्हणजे चार-पाच कोटी माणसं, आणि दर वर्षी सुमारे १० ते १२ हजार मुलं मेजर घेऊन जन्मतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली समाजांत प्रमाण जास्त आहे, म्हणून "हा त्यांचा आजार" असं बोललं जातं. ते चूक आहे. महाराष्ट्रातल्या अनेक जातीजमातींत तो आहे. हे पान पिढ्यान्‌पिढ्या टिकून का राहिलं, याचा अंदाज जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये बांधला. वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळत असावं. जिथे डास होते तिथे हे पान तगलं.

सायप्रस या बेटावर दर सात माणसांत एक वाहक होता. १९७० च्या दशकात तिथल्या लोकांना कळून चुकलं की असंच चाललं तर बेटाचं सगळं रक्त आणि आरोग्याचा पैसा या एकाच आजाराला पुरणार नाही. तपासणी सुरू झाली, पुढे लग्नाआधी चाचणीचा दाखला आणावा असा आग्रह खुद्द चर्चनेच धरला. दोन वाहकांच्या लग्नाला मनाई नव्हती, दाखला फक्त माहितीचा. बहुतेक जोडप्यांनी लग्नं केलीच, आणि गर्भारपणात तपासणी करून घेतली. नवी मेजर मुलं जन्मणं जवळजवळ थांबलं. ज्यांचा जन्म आधी झाला होता त्यांच्या वाट्याला मग चांगले उपचार आले.

म्हणून म्हणतो की आनुवंशिक आजारासाठी धावणाऱ्याच्या हातात वर्गणीच्या यादीइतकीच दुसरी मोठी गोष्ट असते. तो ज्या दीडशे लोकांना फोन करतो त्यांत त्याचे चुलत-मावस भाऊबहीण असतात, म्हणजे तीच जनुकं वाटून घेतलेली माणसं. त्याला स्वतःला मायनर निघालं असेल, तर सख्ख्या भावंडांत ते असण्याची शक्यता निम्मी. हे फोनवर बोलायला पैसे मागण्याहून अवघड जातं. घरात लग्नाची मुलगी असेल तर काकू लगेच आवाज खाली करते, "हे बाहेर बोलू नकोस हं." तिची भीती खोटी नाही. आपल्याकडे वाहक मुलगी निघाली की स्थळं मागे फिरतात, वाहक मुलगा निघाला तर चालून जातं. हिशोबाने बघितलं तर एकट्या वाहकाच्या मुलांना मेजर होत नाही, जोडीदाराने चाचणी केली की विषय संपला. पण हे समजावून सांगायला कुणीतरी घरचं माणूस लागतं, आणि तासभर वेळ. डॉक्टरकडे तो नसतो. ऑक्टोबरच्या रविवारी तीन तास धावून आलेल्या, पोहे खात बसलेल्या पुतण्याकडे असतो. तपासणी लग्न ठरण्याआधी, शक्यतो कॉलेजच्या वयात व्हावी. लग्न होऊन दिवस गेले असतील तरी वेळ गेलेली नसते. दोघं वाहक असतील तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा तपासून गर्भाची स्थिती कळते. पुढचा निर्णय त्या दोघांचा, तिथे काकूने किंवा धावणाऱ्या पुतण्याने तोंड घालू नये.

पैशांच्या व्यवहाराबद्दल चार शब्द. शर्यतीची प्रवेश फी, बूट, प्रवास हे तुमच्या खिशातून करा, आणि आवाहनात तसं लिहा. "म्हणजे माझ्या पैशावर तू मुंबई फिरणार" ही शंका बोलली जात नाही पण मनात असते. देणगी थेट संस्थेच्या किंवा मॅरेथॉनच्या अधिकृत खात्यात जाऊ द्या, स्वतःच्या गुगल पेवर घेऊ नका. ८०जीची पावती मिळते का हे आधी विचारा. दोन हजारांहून जास्त रोख देणगीला ती सवलत लागू होत नाही, आणि ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे त्यालाही तिचा उपयोग नाही. हे सांगितल्यावर काही जण हात आखडतात, पण नंतर शिव्या खाण्यापेक्षा बरं. रक्कम मोकळी सोडू नका. "जमेल तेवढं द्या" म्हटलं की लोक विसरतात. "एका मुलाच्या एका महिन्याच्या गोळ्यांचा अमुक खर्च आहे" म्हटलं की पुढच्या पाच मिनिटांत मेसेज येतो. आकडा संस्थेकडून घ्या, मनाने ठोकू नका.

शर्यतीबद्दल काय सांगावं? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंधारात हजारो लोक उभे असतात, कुणी देवाचं नाव घेतं, कुणी शौचालयाची रांग शोधतं. सी लिंकवर उजाडतं, आणि तिथवर सगळं सोपं वाटतं. परतीच्या वाटेवर कित्येक वर्षं पेडर रोडच्या चढाने नवख्यांची परीक्षा घेतली आहे. एरवी गाडीतून जाताना तो चढ आहे हे जाणवतही नाही. फुटपाथवर रहिवासी संत्र्याच्या फोडी, केळी, चिक्की घेऊन उभे असतात, इमारतींखाली बँड वाजत असतो. तिथे चाललात तरी चालेल. हृदय मिनिटाला वीस लिटर फिरवतंय आणि तरीही पायांना ऑक्सिजन पुरत नाही, धाप लागलीय, डोळ्यांपुढे किंचित अंधारी. हिमोग्लोबिन सातवर आलेलं मूल जिना चढताना याच धापेने थांबतं. तुमची धाप मरीन ड्राइव्हला उतरेपर्यंत बसते, त्याची पिशवी लागेपर्यंत बसत नाही.

शर्यत संपली तरी निधीचं काम संपत नाही. निम्मे लोक फोटो बघून मग पैसे देतात, म्हणून देणगीचं पान शर्यतीनंतरही काही आठवडे उघडं आहे का ते पाहून ठेवा, आणि पदकाच्या फोटोसोबत दुवा पाठवा. जमलेल्या पैशांतून काय झालं हे संस्थेकडून विचारून प्रत्येकाला कळवा, शंभर रुपये देणाऱ्यालासुद्धा. पुढच्या वर्षी त्याच्याकडेच पुन्हा जायचं आहे.

राहिलं रक्त. धावणारे उत्साहाच्या भरात शर्यतीच्या आठवड्यातच रक्तदान करतो म्हणतात. करू नका. ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त गेलं की द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पण लाल पेशी पूर्ववत व्हायला चार ते आठ आठवडे लागतात, आणि तेवढा काळ वेग उतरलेला राहतो. धावल्यानंतरही शरीराला सावरू द्या. रक्तदानाला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. पुरुषांना दोन दानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, स्त्रियांना १२० दिवसांचं. जानेवारीत धावलात तर एप्रिल-मे महिना सोयीचा पडतो, आणि गरजही तेव्हाच असते. परीक्षा संपून कॉलेजं बंद झालेली, निम्मी मुंबई गावी गेलेली, शिबिरं ओस, रक्तपेढ्यांचे फ्रिज अर्धे. थॅलेसेमियाच्या मुलांचा एकविसावा दिवस सुट्टी बघून येत नाही. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन आहे. त्या सुमारास जवळच्या रक्तपेढीला फोन करून कुठला गट कमी पडतोय ते विचारावं, आणि नाश्ता करून जावं.